हाकेला आली तेव्हा

तिला मी हाक मारली, म्हणून ती मेली. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही, आणि तिच्या मरणाचा दोष ज्याच्यावर गेला त्या माणसाला तर नाहीच. सहा वर्षं झाली. दोष अजून त्याच्याच अंगावर आहे. तो तिथं कसा गेला हे फक्त मला माहीत आहे.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. दिवसाचे सहा-सात तास बोलण्यात जातात. घरी मात्र मी फारसा बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाला लोक सरळ समजतात. त्याचा मला फायदाच झाला.

कुत्री माझी नव्हती, दादाची होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. इंजिनियर. बरीच वर्षं तो आणि वहिनी जपानात राहिले, मूलबाळ नव्हतं. कायमचे नांदेडला परत आले तेव्हा सामानापेक्षा जास्त कागद त्या कुत्रीचे होते. लसींचे, रक्ताच्या तपासण्यांचे, विमानाचे. काई केन म्हणतात त्या जातीला. तिकडच्या डोंगरांत रानडुकराच्या मागे सोडायची शिकारी जात. दादा म्हणायचा, तिकडेसुद्धा शंभर घरं फिरलास तरी एक दिसणार नाही. अंगावर वाघासारखे पट्टे, पण काळ्यावर तपकिरी; सावलीत बसली की नुसतीच काळी दिसायची आणि उन्हात आली की पट्टे उमटायचे. कान कायम उभे, जिभेवर शाई सांडल्यासारखा डाग. भुंकणं जवळजवळ नाहीच.

नांदेडच्या गल्लीत तिला बघायला माणसं यायची. दूधवाला रोज दाराशी अडखळायचा.

"साहेब, खरं सांगा, माहूरच्या जंगलातून उचललंय न्हवं हे?"

"अरे कुत्रं आहे ते."

"आसंल. पण फॉरेस्टवाल्यानं पाह्यलं तर तुमाला आत टाकतेत, अन् मला साक्षीला बोलावतेत. मी आधीच सांगून ठिवतो, मी काय पाह्यलं न्हाई."

दादा पोट धरून हसायचा. तेव्हा तो बरा होता.

मग त्याच्या किडन्या गेल्या. शेवटचे पंधरा दिवस घरीच होता. एका दुपारी त्यानं मला पलंगाजवळ बसवलं आणि उशीखालून तिचा पट्टा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "हिला लातूरला ने. वहिनीला हिची ओढ झेपायची नाही. आणि एक लक्षात ठेव, मोकळी सोडू नको. रानाचा वास लागला की ही माझंसुद्धा ऐकत नाही, तुझं काय ऐकणार!" मी म्हणालो, "नाही सोडणार." ती पलंगाखाली पडून होती. त्याचा हात खाली लोंबत होता आणि ती त्या हाताला नाक न लावता नुसतं जवळ धरून होती.

लातूरला तिचं करण्यात माझं सगळं उरलेलं आयुष्य जायला लागलं, आणि मला ते आवडायला लागलं हेही कबूल करतो. तिचं केसाळ अंग थंड मुलखासाठी घडलेलं. वर राठ केस, आत लोकरीसारखा थर. एप्रिल-मे महिन्यात तिला कूलरसमोर ओल्या पोत्यावर झोपवायचो. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणार आणि मी तिला आंघोळ घालणार, तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणायची, "माणसं टँकरमागं पळून राहिली, अन् इथं राणीसरकारचं न्हाणं चाललंय." पण केस गळायच्या दिवसांत तीच खाली बसून कंगवा फिरवायची, एकेका बैठकीत उशीभर केस निघायचे. आमच्या घरात मांस शिजत नाही. तिच्यासाठी गच्चीवर वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. रविवारी मी कोंबडी शिजवायचो तेव्हा खालचे भाडेकरू नाकाला रुमाल लावून विचारायचे, "सर, बाटलात का?"

एकदा तिला गोचीडताप झाला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "औषध देतो सर, पण ही आमच्या पुस्तकात बी न्हाई." अकरा दिवस मी तिला चमच्यानं ताक पाजलं. कानांच्या आतून, बोटांच्या बेचक्यांतून एकेक गोचीड चिमट्यानं काढली. ती हलायची नाही. डोळे मात्र दाराकडे. गल्लीतून कुणाची जुनी स्कूटर गेली की त्या तापातही उठून बसायची. दादाकडे स्कूटर होती.

दोन वर्षं ती माझ्याकडे राहिली, आणि त्या दोन वर्षांत माझ्या हाकेला ती एकदाही आली नाही.

दादानं तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. हाताचा तळवा समोर धरला की जिथं असेल तिथं थिजायचं. आणि 'ओइदे' म्हटलं की यायचं. जपानीत 'ये'. तळवा तिनं माझाही मानला. रस्ता ओलांडताना, जेवणाआधी, कुठंही हात वर केला की पुतळा. 'ओइदे'ला मात्र ती मान वळवून माझ्याकडे बघायची, जरा वेळ विचार केल्यासारखं करायची आणि पुन्हा तोंड फिरवायची. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडात बसत नाही ते. मराठीत बोलवा." मराठीतही बोलावलं. हिंदीत बोलावलं. बिस्किट दाखवून बोलावलं. थांबवणं मला जमत होतं. बोलावणं जमत नव्हतं.

हे एवढं लागायचं कारण नव्हतं. पण चाकूरच्या बाजूला आमची वडिलोपार्जित शेती आहे, आणि तिथं जो माणूस ती बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा, त्याच्या हाकेला ती जायची. साधं "ये गं माय" म्हटलं की शेपूट वळवून त्याच्याकडे चालू लागायची. तो दादाच्या वयाचा, दादाबरोबर शाळेत होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो सर. तो बौद्ध, आम्ही वरच्या गल्लीतले; गावात हे असंच चालत आलेलं, आणि मी शिकलासवरलेला असून कधी बदललं नाही. दादानं बदललं होतं. दादा त्याला तुम्ही म्हणायचा.

"दादाचा वास येत आसंल तिला माझ्या अंगाला," तो एकदा म्हणाला. "एका हिरीत पवलेलो आमी, सर. तुमच्या आज्याला कळलं आसतं तर दोगांची कातडी सोलली आसती."

मी हसलो. पण ती त्याच्या पायाशी अंग टाकून बसली होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्या हिवाळ्यात हरभऱ्यात रानडुकरं यायला लागली. उसातून निघायची आणि सकाळपर्यंत अर्धा एकर उकरून ठेवायची. आजूबाजूचे लोक शेताभोवती तार ओढून तिच्यात करंट सोडत होते. कायद्यानं गुन्हा आहे. सगळ्यांना ठाऊक, सगळे करतात. बटईदार नको म्हणत होता. "सर, माणूस मरंल एखादा. मी जागतो, डबा वाजवतो." मी म्हणालो, "किती दिवस जागशील?" आणि मीच लातूरहून तारेची भेंडोळी घेऊन गेलो. खुंट्या मी रोवल्या, गुडघ्याच्या खाली येईल अशी तार मी ओढली, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून जोड मी दिला. शिकवतोच ते.

शेतीची लाईट आमच्याकडे पाळीनं येते. काही दिवस रात्री, मग काही दिवस दिवसा. रात्रीच्या पाळीत आम्ही तारेचं टोक पेटीत तसंच जोडलेलं ठेवायचो. सकाळी लाईट आपोआप जायची, तार मेलेली, दिवसभर पोरंबाळं गुरं खुशाल ओलांडून जात. दिवसाची पाळी लागली की टोक काढून ठेवायचं. एवढाच नियम. पाळी कधी बदलणार ते वायरमन गावाच्या ग्रुपवर टाकायचा. त्या ग्रुपचे मेसेज मी बघत नसे.

शनिवारी संध्याकाळी बटईदाराचा फोन आला. मी पेपर तपासत होतो.

"सर, मी इस्लापूरला निघालो. लेकीला मुलगी झाली."

"वा. अभिनंदन."

"उद्यापासून लाईट दिवसा हाय. रातच्याला डुकरं येतील म्हनून तार जोडूनच ठिवली, तुमीच म्हनला होता एक रात बी सोडू नको. तर उद्या तुमी येनार तवा लाईट यायच्या आत, आठच्या आत, तेवढं टोक काडा. इसरू नका सर."

"हो हो. काढतो."

एक मिनिट आणि काही सेकंदांचा फोन. लाल पेन माझ्या हातातच होता. फोन ठेवला आणि पुढचा पेपर घेतला.

रविवारी मी आरामात उठलो. तिला गाडीत घातलं, शेतावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. स्वच्छ ऊन होतं. बटईदार नाही, आजूबाजूला कुणी नाही, आणि माझ्या मनात एक विचार आला. तो इतका पोरकट होता की लिहायलाही लाज वाटते. आज इथं तो नाही. आज तिला मोकळी सोडली आणि हाक मारली, तर ती माझ्याकडेच येईल. यायला दुसरं कुणी नाहीच.

मी पट्टा काढला.

ती क्षणभर उभी राहिली. मोकळं असणं म्हणजे काय ते आठवत असावी. मग नाक खाली गेलं आणि ती सुटली. तार तिनं सहज उडी मारून ओलांडली, जशी बांधावरची काटकी ओलांडावी, आणि हरभऱ्यातून तिरपी पळत गेली. डुकरांचा ताजा वास असणार. तिचं पळणं मी पहिल्यांदाच पाहत होतो. लातूरच्या गल्लीत दोन वर्षं माझ्या चालीनं चालणारं जनावर ते नव्हतंच. उन्हात सगळे पट्टे पेटल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, दादानं हे पाहिलं असतं तर. खरंच असं वाटलं, आणि आनंदही झाला.

तेवढ्यात मला पाण्याचा आवाज ऐकू आला.

हौदात पाणी पडत होतं. तो आवाज मी आल्यापासून चालू असणार, मी ऐकला नव्हता. मोटार ऑटोवर असते, लाईट आली की आपोआप सुरू होते. म्हणजे लाईट होती. आणि मग शनिवारचा फोन आठवला, शब्दन् शब्द.

तेव्हा ती शेताच्या मध्यावर होती, तारेपासून लांब. मी हात वर केला असता तर ती थिजली असती. तिथून तिला मी दिसत होतो. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलंही. मी हात तसाच धरून मागं मागं जात पेटीपर्यंत पोचलो असतो आणि खटका पाडला असता. वीस पावलं होती. नंतर मी मोजली आहेत.

मी ओरडलो, "ओइदे!"

ती आली. दोन वर्षांत पहिल्यांदा, एका हाकेला. कान मागं टाकून, सरळ रेषेत, माझ्या दिशेनं. या वेळी तिनं उडी मारली नाही, कारण ती तारेकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

त्याच्या पुढचं मी लिहिणार नाही.

शेजारच्या शेतातला माणूस धावत आला. "हात लावू नका! सर, मागं व्हा, मागं!" त्यानंच खटका पाडला. मग दोघं तिच्याजवळ बसलो. तो धापा टाकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "लाईट दिसाची लागली की आजपसून. टोक कुनी ठिवलं जोडून?"

मी म्हणालो, "तोच विसरला असणार."

कुणी माझ्यावर बोट रोखलं नव्हतं. विचारलेला प्रश्न साधा होता. मी उत्तरासाठी थांबलोसुद्धा नाही, इतकं ते तयार होतं. शेजारी म्हणाला, "तसा इसरनारा न्हाई हो तो." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "आता तुमी म्हनता तर..."

संध्याकाळपर्यंत बातमी इस्लापूरला पोचली होती. त्याचा फोन आला. आवाज ओला होता. तिच्याबद्दल दोनतीनदा काहीतरी बोलला, मग हळूच म्हणाला, "सर, मी काल फोन केला होता न्हवं?"

मी म्हणालो, "कधी?"

पलीकडे तान्ही मुलगी रडत होती. त्याच्या साध्या फोनात शेवटचे पाच-दहा नंबरच राहायचे, आणि त्या दोन दिवसांत त्यानं पन्नास जणांना नातीची बातमी दिली असणार. मग तो म्हणाला, "आसंल सर. लेकीच्या गडबडीत... आसंल."

वहिनीला सांगायला मी दुसऱ्या दिवशी नांदेडला गेलो. तिनं ऐकून घेतलं. बटईदार पाळी बदलल्याचं विसरला, तार जोडलेली राहिली, पट्टा हातातून सुटला. हे 'सुटला' मी गाडीत ठरवलं होतं. ती रडली नाही. फक्त विचारलं, "तेव्हा तुम्ही जवळ होतात ना, भावजी?" मी होतो म्हणालो.

आठ दिवसांनी तो इस्लापूरहून परत येताना नांदेडला उतरला आणि तिला भेटायला गेला. हे वहिनीनंच मला फोनवर सांगितलं. तो फाटकाशी उभा होता. ती आतून बाहेर आली, पण फाटक उघडलं नाही.

"हात जोडून उभा होता. काही बोलला नाही. मी म्हटलं, जा आता. पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्याला. यांचा मित्र होता तो. चुकलं का हो माझं?"

त्या घरात दादानं त्याला शेजारी बसवून जेवू घातलं होतं. आमच्यासारख्यांच्या दारात त्याच्यासारख्याला पाणी न विचारणं याचा अर्थ काय होतो, हे वहिनीच्या मनात आलंही नसेल. त्याच्या मनात आल्याशिवाय राहिलं नसेल.

मी म्हणालो, "नाही वहिनी. बरोबर केलंत."

पाडव्याला आमच्याकडे बटईचे करार बदलतात. त्या पाडव्याला तो आला, विहिरीवरच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, लेकीकडंच जातो आता, जावयाची शेती बघतो. मी राहा म्हणालो नाही. तो समोर असता तर मला रोज आठवलं असतं. तो गेला तरी आठवायचं ते आठवतंच.

आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. सकाळी साडेसहाच्या सुमाराला तिच्यावर नखांचा आवाज येतो. खोलीतून दारापर्यंत, मग थांबतो. बायकोला येत नाही. नळाला अवेळी पाणी आलं आणि रिकाम्या पिंपात धार पडायला लागली की माझे हातपाय गार पडतात. बायकोनं बीपी तपासून घेतलं, नॉर्मल निघालं. विद्युतधारेचं प्रकरण मी दुसऱ्या सरांना देऊन टाकलं, म्हणालो घसा बसतो. पण यातलं काहीही माझी शिक्षा आहे असं मी मानत नाही. शिक्षा भोगणारा दुसराच आहे, हे मला मागच्या महिन्यात कळलं.

लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर तो मला भेटला. मोतीबिंदू काढला होता, दाखवायला आला होता, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी त्याला टाळू शकलो असतो. त्यानंच ओळखलं, एका डोळ्यानं.

"सर! बरे हाव ना? वहिनीसाब बऱ्या हायत ना?"

मी पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हणालो. "बसा. चहा घेऊ." बाकावर बसलो. नातीचं सांगितलं त्यानं, पहिलीत गेली, लई बडबडी हाय. हे ती फोनवर रडत होती तीच. मग त्यानं कप दोन्ही हातांत धरला.

"सर, एक मनात होतं. मी तवा म्हनलो न्हवं, फोन केला होता म्हनून. मला तसंच वाटत होतं बगा. दोन-तीन वर्सं वाटत होतं. बायकोला बी म्हनायचो, मी केला होता गं." तो कपात बघत होता. "आता इचार करून करून ध्यानात आलं. न्हाई केला. करायचा करायचा म्हनत ऱ्हायलो आसंन, अन् केला आसं डोक्यात बसलं. मानूस सोताशी खोटं बोलतो, सर. तुमच्यावर उगाच आळ आनत होतो मी. माफी करा."

माझा चहा तसाच होता. समोर त्याचा उघडा डोळा, त्यात पाणी. मी तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. तेवढ्यात आतून नर्सनं त्याचा नंबर पुकारला. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, जसा दादा ठेवायचा, आणि आत गेला. मी दहा मिनिटं बसलो आणि मग निघून आलो.

कुत्री मारली ती एका सकाळी. या माणसाची स्वतःच्या डोक्यावरची खात्री मी सहा वर्षं, थोडी थोडी करून काढून घेतली, आणि शेवटी उरलेली त्यानं स्वतःच माझ्या हातात दिली, वर माफी मागून.

नांदेडहून किनवटकडे जाणारी गाडी इस्लापूरला थांबते. मला त्याच्याकडे जाऊन सांगायचं आहे की फोन तुम्ही केला होता, शनिवारी संध्याकाळी, आणि मी हो म्हणालो होतो. वाटेत नांदेडला उतरून वहिनीला हेच सांगायचं आहे, आणि पट्टा सुटला नव्हता, मी काढला होता, हेही. ही दोन घरं आणि ही एवढी वाक्यं मी देणं लागतो. आज हे लिहितो आहे तोवर यातलं एकही वाक्य मी बोललेलो नाही.